टोपणाची तक्रार

आमच्या ह्यांना कामावर सगळे 'गारठा' म्हणतात. मोठाल्या संगणकांची एक इमारत आहे, तिथली हवा थंड ठेवायचं काम ह्यांचं. कपाटांच्या रांगेमागे उभं राहायचं, मानेला झळ लागली की कुठलं यंत्र तापलंय ते सांगायचं. त्या झळेवर आमचं घर चाललं आणि ह्यांचा तोराही.

मग ती आली. काचेच्या तारा जोडणारी बाई. तिचं नाव ह्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, पण जेवताना 'ती' म्हटलं की समजावं, आता घास गोड लागायचा नाही.

"पूर्वी तारेतून प्रकाश यायचा, प्रत्येक नाक्यावर त्याची वीज करायची, मग पुन्हा प्रकाश. त्यात तिथल्या यंत्रांच्या पेट्या तापायच्या," हे सांगत. "हिनं नाक्यावर इवलाले आरसेच बसवलेत. प्रकाश नुसता वळतो आणि पुढं जातो. वीज वाचते, पेट्या गार."

"मग चांगलंच की."

"चांगलं? माझी थंडीची दोन यंत्रं बंद पाडली तिनं!"

हे जळत होते आणि मीही. "केसासारखी तार, पण हात हलत नाही गं तिचा," असं चिडून का होईना, रोज ऐकवायचे. मी दिवसभर लोकांचे कपडे शिवते, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. त्यावर चिडूनसुद्धा कधी शब्द नाही.

एकेक करत इमारतीतली शेवटची खोलीही तिच्या आरशांच्या ताब्यात गेली तसं साहेबांनी सांगून टाकलं. उष्णताच कमी, तर थंडीला दोन माणसं कशाला? महिनाअखेरीस एक जाणार. दुसरा तरुण होता, पगारही कमी. कोण जाणार हे कळायला ज्योतिषी नको होता.

मग हे तिच्या मागेच लागले. काचेच्या तारेचं टोक उघडं राहिलं आणि त्यावर धूळ बसली, की प्रकाश अडतो. म्हणून मोकळ्या टोकाला टोपण घालतात. हे आपलं काम सोडून टोपणं तपासत फिरायला लागले. आणि एकदा सापडलं! बटणाहून लहान टोपण जमिनीवर आणि वर तार उघडी. टोपण खिशात घालून घरी आले ते लग्नात नव्हते इतके खूश.

"उद्या साहेबांपुढे ठेवतो. लोकांच्या पोटावर पाय द्यायला निघाली, आधी स्वतःचं काम बघ म्हणावं."

मलाही आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. भाजीत मीठ जास्त पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी टोपण साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ती तिथंच होती. आता हिची बोबडी वळणार म्हणून हे बघत राहिले.

"माझंच आहे," ती म्हणाली. "कालपासून शोधतेय. कुठल्या रांगेत होतं, काका?"

काका! रात्री ह्यांच्या तोंडून ते ऐकताना मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी विचारलं, "काल दिसलं, तर कालच का नाही सांगितलं?"

उत्तर तिनंच दिलं. "मी लवकर निघाले होते, साहेब. सांगणार कोणाला? आणि एवढंसं टोपण ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, असंच माणूस मला हवंय. काकांना माझ्याकडे द्या."

साहेबांनी लगेच मान हलवली.

"नोकरी राहिली," घरी येऊन हे भिंतीकडे बघत म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

"आभार मानलेत का?"

"मानावेच लागले." ताटात बोटं फिरवत राहिले. "ओरडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं गं." मग कुणी कान पिरगाळून वदवून घ्यावं तसं म्हणाले, "चांगली आहे ती."

आणि ते मनापासून म्हणाले. इतके दिवस आम्ही दोघं मिळून तिच्यावर जळत होतो. आता घरात मी एकटीच उरले.