सायबासाठी भरलेली बाटली

आमचं गाव मूर्तिजापूरहून एसटीनं पाऊण तासावर, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी असं की तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी शिजत नाही. त्यामुळे आमच्याकडे पाण्याच्या दोनच जाती : खारं आणि गोडं. गोडं म्हणजे चांगलं. त्यापुढे पाण्याबद्दल आणखी काही विचारायचं असतं, हे मला चाळिशीत कळलं.

गोडं पाणी लांबच्या धरणावरून गावच्या टाकीत यायचं आणि तिथून नळांना सुटायचं. सहा दिवसांआड, कधी नऊ. मी कॅलेंडरवर खूण करत असे. पाणी समितीत बायका घ्याव्या लागतात म्हणून माझं नाव घातलं होतं, आणि आकडे लिहायची खोड म्हणून वही माझ्याकडे आली. टाकी, चार व्हॉल्व्ह आणि अडीच किलोमीटर पाईप पाणी सोडणाऱ्या एकट्या चाचांच्या अंगावर. साठी उलटलेली, सायकलच्या दांडीला पाना बांधलेला. पाईप फुटला की ते जुनी ट्यूब गुंडाळत, कारण दुसरं काही मिळतच नसे. आमच्या भागाचं नाव पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायीच यायचं, ती ही वर्षं. साहेब लोक येत, शेतीचं विचारत, निघून जात. पाईपाचं कोणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी खालच्या गल्लीत कावीळ सुरू झाली. नागपंचमीला दोन घरं, पोळ्यापर्यंत सात. आमचं घर त्याच गल्लीत, आणि माझ्या धाकट्या जावेला सहावा महिना. नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "गरोदर बाईला कावीळ झाली तर दोन्ही जिवांवर येते. पाणी तपासून घ्या."

"तपासतो की," मी म्हटलं. फायलीत तीन अहवाल होते. तिन्हींवर शिक्का : पिण्यास योग्य.

तरी मन मानेना. सातही घरं चौथ्या व्हॉल्व्हची होती. बाकी तीन व्हॉल्व्हवर एकही रोगी नाही. मी टाकीवर गेले.

"चाचा, तपासणीची बाटली कोणत्या नळावर भरता?"

"नळावर?" जसं मीच काही वाह्यात बोलले. "सायबाले पाजाचं पानी नळाचं देऊ काय बेटी? घरून नेतो. तुह्या चाचीनं उकळून, दोनदा गाळून ठेवलेलं असते."

"पाजायचं? साहेब पितात ते?"

"मंग तपासते कसा? जिभेवर घेतल्याबिगर खारं का गोडं, समजीन काय?"

मला हसू आलं नाही. आमच्याकडे पाणी जिभेनंच तपासतात. मुलगी द्यायच्या आधी सोयरे गावच्या पाण्याची चूळ तोंडात घोळवून पाहतात. चाचांना कार्यालयानं बाटली दिली, कागद दिला. त्या बाटलीचं पुढे काय होतं ते कोणी सांगितलं नाही. आणि मी? वहीत तारीख होती, वार होता. पाणी कुठून घेतलं, हा रकाना मी आखलाच नव्हता.

ती बाटली कोणी पीत नाही, प्रयोगशाळेत तिच्यातले जंतू शोधतात, हे मी समजावून सांगितलं. चाचा टाकीच्या पायरीवर बसले.

"म्हंजे माह्यानं झालं?"

"आपल्या दोघांच्यानं. उठा आता."

त्या दिवसापासून जावेचं पाणी मी वेगळं उकळू लागले. दिवसाला दोन गुंड, म्हणजे दोन कळशा. सरपण संपत आलं तेव्हा तुराट्या जाळल्या. पुढचं पाणी सुटलं तेव्हा चाचांनी बाटली आमच्याच नळाला लावली. आलं ते चहाच्या फिक्या रंगाचं.

"गावाची इज्जत जाते, बेटी."

"जाऊ द्या."

ती बाटली बर्फात घालून ते स्वतः अकोल्याला घेऊन गेले. अहवाल आला : पिण्यास अयोग्य. तीन चांगल्या कागदांनी जे मिळालं नव्हतं ते या एका वाईट कागदानं मिळालं. आठवड्यात तालुक्याचा माणूस आला. त्यानं चौथ्या व्हॉल्व्हचा खड्डा उघडला. आत नालीचं पाणी तुंबलेलं. पाणी बंद असलं की पाईप रिकामा होतो आणि ढिल्या जोडातून नालीचंच ओढून घेतो, असं त्यानं दाखवून दिलं. चाळीस फूट नवा पाईप नालीच्या वरून गेला. जाताना त्यानं चाचांना एक छोटी बाटली दिली. "पाणी सुटलं की दर वेळी शेवटच्या नळावर ओटी घ्यायची, म्हणजे क्लोरीनची तपासणी. दोन थेंब टाका. पाणी पिवळं झालं तर टाकीत टाकलेली ब्लीचिंग पावडर इथवर पोचली."

ओटी म्हटल्यावर गल्लीतल्या बाया कशाला गप्प बसतात! "चाचा, नळाची ओटी भरून राहिले काय? खण-नारळ आणू?"

"आना ना. नारळ मले, पानी तुमाले."

दिवाळीपर्यंत रोगी नऊ झाले आणि तिथेच थांबले. त्या नऊ जणांपुढे आजही माझी मान खाली जाते. दोघांनी तर तीन-तीन महिने अंथरूण धरलं.

जाऊ तेल्हाऱ्याला माहेरी बाळंत झाली. मुलगी, दोन किलो सातशे. सव्वा महिन्यानं ती घरी आली त्या दिवशी चाचा पाहायला आले. बाळाकडे नंतर वळले. आधी जावेला म्हणाले, "बेटी, उजेडात ये जरा." तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, मग बाळाची पापणी उघडायची वाट बघत उभे राहिले.

"पांढरे हायत," म्हणाले, आणि मग कुठे खाली टेकले.