माइक बंद करायचा नाही

मी जन्माची भित्री. मांजर आडवं गेलं तर घाबरते, आणि नाही गेलं तर ते गेलं कुठे म्हणून घाबरते. अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर अंतराळातल्या लढाईचा व्हिडिओ गेम खेळायचा म्हणजे शुद्ध आगाऊपणा. तो माझ्या धाकट्या भावाने मला करायला लावला.

आई गेल्यावर तो उल्हासनगरला एकटाच राहायचा, आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये. रोज भेटणं होत नाही तर गेममध्ये भेटू, असं त्याचं म्हणणं. तो ज्या मालिकेचा भक्त होता, तिचे मूळ गेम लांबलचक गोष्टीचे, एकट्याने खेळायचे. त्यातली लढाई तेवढी वेगळी काढून हा नवा गेम केला होता. पाच जणांचा एक संघ, समोर दुसरा पाचांचा, प्रत्येकाला एक लढाऊ जहाज. जहाज फुटलं की संघाच्या साठ्यातलं दुसरं मिळायचं. साठा संपला की हरलो. आणि सामना चालू असेपर्यंतच संघातल्यांना हेडफोनवर एकमेकांशी बोलता यायचं.

मला तो काळोख सोसायचा नाही. वर नाही, खाली नाही, पाय टेकायला जागा नाही. मी आपली एखाद्या तरंगत्या खडकामागे जहाज लपवून बसायचे.

"ताई, तू फाइट मारायला आलीस का लपाछपी खेळायला?" भाऊ हसायचा.

आमचा नियम एकच, आणि तो मूळचा आईचा. वडील अंबरनाथच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते. पाळीला निघताना त्यांनी "येतो" म्हटल्याशिवाय आई दाराला कडी लावायची नाही. "जातो" हा शब्द तर आमच्या घरातून हद्दपारच होता. आम्हा भावंडांनीही तेच ठरवलं. माइक बंद करायचा नाही, आणि "येतो" म्हटल्याशिवाय खेळ सोडून उठायचं नाही.

एका रविवारी दुपारी, सामना ऐन रंगात असताना भाऊ बोलायचा थांबला. त्याचं जहाज जागच्या जागी गोल गोल फिरायला लागलं. शत्रूने ते फोडलं. नवं आलं, तेही तसंच फिरत राहिलं. मी हाका मारल्या. उत्तरात नुसती पंख्याची घरघर आणि त्याचा जड श्वास. त्याला मधुमेह आहे, रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते.

"जेवलास का रे?" मी ओरडले.

बऱ्याच वेळाने, तोंडात बोळा कोंबल्यासारखा आवाज आला, "च... चतुर्थी."

संकष्टी! आईचा उपास तिच्या माघारी हा चालवत होता. सुई नेहमीसारखी टोचून घेतली आणि चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं ठेवायला निघाला. साखर पार खाली गेली होती. मला त्याचा राग आला, आईचा आला, गणपतीचासुद्धा आला.

मी मोबाइल लावला. त्याच्या फोनची रिंग माझ्याच हेडफोनमध्ये वाजत राहिली. तो फोन त्याच्या शेजारी पडला होता आणि तो हात पुढे करू शकत नव्हता, हे मला ऐकू येत होतं. आमचे हे नेमके उल्हासनगरच्या बाजारात सोफ्याचं कापड बघायला गेले होते. त्यांना फोन केला, "अहो, असाल तसे त्याच्या घरी धावा. त्याची शुगर खाली गेलीय."

मला एवढंच करता येणार होतं, की त्याला झोपू द्यायचं नाही. "हं म्हण," मी म्हणायचे. तो "हं" म्हणायचा. पण प्रत्येक "हं" आधीच्यापेक्षा उशिरा येत होता. मग ध्यानात आलं, की त्याचं प्रत्येक फुटलेलं जहाज आमच्या साठ्यातून जातंय. साठा संपला की सामना संपेल, आणि माझा आवाज त्याच्या कानातून जाईल.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मी खडकामागून बाहेर आले आणि माझं जहाज त्याच्या जहाजासमोर आडवं घातलं. घाम डोळ्यांत उतरत होता. मी रडवेल्या आवाजात संघातल्या अनोळखी मुलांना सांगितलं, "मेरा भाई बेहोश हो रहा है। उसका शिप मत फूटने दो, मॅच खतम नहीं होनी चाहिए।"

मग एकजण म्हणाला, "दीदी, आप उससे बात करते रहो। हम देखते हैं।" तिघांची जहाजं भावाच्या जहाजाभोवती येऊन उभी राहिली.

मी बोलत राहिले. कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या चिंचेबद्दल, आईच्या उकडीच्या मोदकांबद्दल, काय वाटेल ते. "हं म्हण रे." तो म्हणाला. "परत म्हण." या वेळी "हं" आलंच नाही. मी देवाला शिव्या दिल्या आणि लगेच माफी मागितली.

तेवढ्यात त्याच्या बाजूला दारावर धक्के ऐकू आले. शेजारच्या सिंधी आँटी ओरडत होत्या, "तोड़ दो, तोड़ दो!" कडी उखडल्याचा आवाज झाला. "साखर द्या, हिरड्यांना चोळतो!" हा आमच्या ह्यांचा आवाज. आणि त्याच घटकेला आमचं शेवटचं जहाज फुटलं. पडद्यावर पराभवाची पाटी आली आणि कानात काहीच उरलं नाही. पंखा नाही, श्वास नाही.

हेडफोन काढायची हिंमत होईना. मी पाटीकडे बघत बसून राहिले. तो जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला फोन लावायचंही धैर्य नव्हतं.

शेवटी फोन वाजला. "डोळे उघडलेत. डॉक्टर येतायत," हे म्हणाले. "तुझ्याशी बोलायचं म्हणतोय." मग भावाचा जड, रुसलेला आवाज आला, लहानपणी यायचा तसाच.

"ताई, 'येते' न म्हणताच गेलीस?"