पोकळ आवाजाचा बर्फ

हे मी आजवर कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं सोपं नाही, तिला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. मग तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुम्ही बावतीसला ओळखत नाही म्हणून.

पण आधी बर्फाचं सांगतो. दोहामध्ये, ऐन ऑगस्टात, आम्ही तिघं बर्फाच्या भिंतीवर चढायचो. हसा, हसून घ्या. आमचाही विश्वास बसला नव्हता.

नव्वदीच्या शेवटी मी तिथं एका कोल्ड स्टोअरमध्ये टेक्निशियन होतो. मागची एक उंच खोली रमजानचा माल येईपर्यंत रिकामी असायची, पण थंड ठेवावीच लागायची. छतातल्या पाइपाचं इन्सुलेशन फाटलेलं. बाहेरची ती चिकट, दमट हवा पाइपाला लागायची, पाणी सुटायचं, सांध्यातून आत झिरपायचं आणि भिंतीवरून उतरता उतरता गोठायचं. बघता बघता दोन मजले उंच बर्फ! ती गळती बंद करणं माझं काम होतं. मी केलं नाही. हा वाढतो तरी किती, ते मला बघायचं होतं. आई म्हणायची, याला दूध उतू जाताना बघायला आवडतं, गॅस बंद करायला नाही.

बावतीस वसईचा. हॉस्पिटलात एक्सरे काढायचा, ओल्ड एअरपोर्ट भागात बायकोमुलांसह राहायचा. तरुणपणी त्यानं मनालीला गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. त्याला एकदा सहज ती भिंत दाखवली, तर गडी बघतच राहिला. पुढच्या सुट्टीहून येताना दोर आणि दोन आइस ॲक्स घेऊन आला. तिसरा शिर्के, साताऱ्याचा ट्रेलर ड्रायव्हर, कामगारांच्या कॅम्पात राहणारा. त्यानं ओळखीच्या वेल्डरकडून बुटांना बांधायचे अणकुचीदार खिळे करून आणले. शुक्रवारी दुपारी माझी एकट्याची ड्यूटी असायची. बाहेर डांबर पातळ होतंय, आणि आत आम्ही कानटोप्या घालून! असे तीन-चार मोसम गेले. काय दिवस होते हो ते! बावतीस म्हणायचा, इथं हात बसू दे, मग हिमाचलात खरा गोठलेला धबधबा चढू. त्यासाठी तो रजा साठवत होता.

आमचा नियम एकच, तोही बावतीसनंच केलेला. बर्फ मला कळतो, रोजचं काम माझं त्यातच — म्हणून आधी मी लांब पाइपानं भिंत ठोकून बघायची. टण्ण वाजलं, तर बर्फ भिंतीला घट्ट. भद्द वाजलं, तर मागे पाणी शिरलंय, पोकळ आहे. हा फरक माझ्याच कानाला कळायचा. मी ‘यल्ला’, म्हणजे तिकडचं ‘चला’, म्हणेपर्यंत कुणी पाय लावायचा नाही.

बघा, अजून बर्फाचंच सांगत बसलोय. सांगतो — सांगतो.

त्या शुक्रवारी सकाळी कॉम्प्रेसर बंद पडलेला सापडला. किती वेळ बंद होता कोण जाणे. मी चालू केला. दुपारी बर्फ दिसायला तसाच, उलट जास्तच चकचकीत. मी ठोकलं. भद्द. जरा बाजूला ठोकलं. भद्द. बावतीस बूट बांधून तयार, माझ्या तोंडाकडे बघत होता.

आणि माझ्या डोक्यात काय आलं? असला बर्फ माणसाला धरतो का? सुटलाच तर वरून सुटेल की मधून? दोर आहेच की वर, दुसरं टोक शिर्केच्या हातात. बस, एवढंच. आमचं भांडण नव्हतं, मला त्याचा हेवा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान सांगायला कारण तरी असतं. मला फक्त बघायचं होतं.

मी यल्ला म्हटलं.

तो बराच वर गेला होता. दाराएवढा तुकडा सुटला, त्याच्या गुडघ्यावर आदळून खाली फुटला. शिर्केनं दोर सोडला नाही म्हणून जीव वाचला. बावतीस ओरडला. पण तो ओरडायच्या आधी — लाज वाटते सांगायला — माझ्या मनात जे पहिलं आलं ते हे होतं: अच्छा, मधून.

हॉस्पिटलात त्यानं घरच्या जिन्यावरून पडलो असं सांगितलं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून. गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. हिमाचल राहिलं. मी गळती बंद केली, बर्फ फोडून बाहेर टाकला, संध्याकाळपर्यंत त्याचं पाणीही उरलं नाही. बावतीस आता वसईला असतो. नाताळला न चुकता फोन करतो, आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो.

एक सांगायचं राहिलं. खरं तर तेच सांगायचं होतं.

प्लास्टर निघाल्यावर तो अल हिलाल भागातल्या माझ्या घरी आला. काठी टेकत, जिना चढून. शिर्केही होता. बावतीस बसला आणि एकदम रडायलाच लागला. म्हणाला, “माझंच चुकलं रे. फार जोरात मारला मी घाव. माझ्यापायी तुझी नोकरी जायची वेळ आली. मला माफ कर.”

तेव्हा बोलता आलं असतं. चहा यायचा होता. शिर्के खाली बघत होता. कुणी मला अडवलं नव्हतं.

मी बावतीसच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.