गोदामवाल्या भाऊंसारखं

माझी काकू कचेरीत नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आई शेजारणींना सांगते, "कॉम्प्युटरवर असते." काका सांगतात, "लोकांना अडवते." दोघांचंही खरं आहे.

तिची कचेरी शहराला पाणी पुरवते. नळजोडण्या एका डेटाबेसमध्ये, तक्रारी दुसऱ्यात, कर्मचारी आणि त्यांचे पगार तिसऱ्यात, गोदामातलं सामान चौथ्यात. कचेरीतली सगळी खाती हे डेटाबेस मिळून वापरतात. पण कुणी काय नुसतं बघायचं, कुणी काय बदलायचं आणि कुणाला दारातसुद्धा उभं करायचं नाही, ते काकू बघते. म्हणजे साहेब सांगतात, काकू करते आणि लोक चिडतात ते काकूवर. घरीही सवय सुटत नाही. टॅब मागितला की "कशासाठी? कधीपर्यंत?" काकांनी एकदा जेवताना मीठ मागितलं, तर हिचं आपलं "कशासाठी?" काका म्हणाले, "बघायला."

गेल्या महिन्यात ती जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. जेवणाचं टेबल हीच कचेरी झाली, फोन कायम स्पीकरवर. मी समोर अभ्यासाला बसायचे, त्यामुळे अख्खी कचेरी माझ्या कानात मुक्कामाला आली. साहेब प्रत्येक वाक्याआधी "हंऽ, तर" म्हणतात आणि वाक्य संपल्यावर थांबतात, जणू कुणीतरी ते लिहून घेतंय. गोदामवाले भाऊ मिशीतून गाळून बोलल्यासारखे बोलतात. आणि चौकशीच्या खिडकीवरची नवी मुलगी इतकी हळू बोलते, की काकू आवाज वाढवत नेते. मग मध्येच साहेब बोलतात आणि आमचं मांजर टेबलावरून उडी मारतं.

एका सकाळी साहेबांचा फोन आला. तक्रारींची यादी रिकामी होती. फुटलेले पाइप, गढूळ पाणी, कोरडे नळ, सगळ्यांपुढे "निकाली". नळाला थेंब नाही आणि कचेरीच्या मते सगळं शहर तृप्त. काकूनं पाहिलं तर हे काम खिडकीवरच्या मुलीच्या लॉगिनवरून झालेलं. मुलगी काही लपवत नव्हती. तिला वाटलं, तक्रार लिहून घेतली, संबंधितांना कळवली, की आपल्याकडून निकाली. मग संध्याकाळी घरी निघताना तिनं सगळ्यांवर खूण करून एकच बटण दाबलं, जशी खिडकी लावून घेतात तसं.

तक्रारी बटण दाबण्याआधीच्या राखीव प्रतीवरून दुपारपर्यंत परत आल्या. साहेबांचा राग काही परत गेला नाही. मुलगी अजून कायम झालेली नव्हती. उद्यापासून येऊ नको म्हणून त्यांनी तिला सांगितलंसुद्धा, आणि काकूला तिचं लॉगिन बंद करायला सांगितलं. थोड्या वेळानं मुलीचाच फोन आला.

"मॅडम, बंद करायच्या आधी सांगाल का? म्हणजे मी खुर्चीवरून उठेन."

काकूनं माउसवरचा हात काढला. मला म्हणाली, खिडकीवर बसणाऱ्याला तक्रार फक्त नोंदवता यायला हवी. हिला हे बटण दिसलंच कसं? मग तिनं जुन्या नोंदी उघडल्या, आणि तिचा चेहरा दूध उतू गेल्यासारखा झाला.

झालं होतं असं. मुलगी रुजू झाली त्या दिवशी साहेब म्हणाले होते, कुणासारखं तरी देऊन टाका. कचेरीत नव्या माणसाला असंच द्यायची पद्धत. त्याआधी खिडकीवर काही दिवस गोदामवाले भाऊ बसले होते, म्हणून काकूनं त्यांच्या परवानग्या जशाच्या तशा हिला लावल्या. पण भाऊ आयुष्यभर या खात्यातून त्या खात्यात फिरलेले. प्रत्येक खात्यानं त्यांना काहीतरी दिलं, जाताना कुणीच काढून घेतलं नाही. भाऊंनी नोकरीभर जमवलेलं हिला एका दिवसात मिळालं.

बटण गुपचूप काढून टाकलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. काकूनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, लॉगिन बंद करत नाही."

"हंऽ, तर... कारण?"

"तिनं कुलूप तोडलेलं नाही. दार मीच उघडं ठेवलं होतं. गोदामवाल्या भाऊंचं सगळं तिला चिकटवलं, न बघता."

"तुमच्याकडून? इतक्या वर्षांत?"

"इतकी वर्षं असंच करत आलेय, साहेब. सापडलं आज."

मग मागून मिशीतला आवाज आला. भाऊ तिथेच बसले होते. "म्हणजे मला पगारपण बघता येतात? आणि मी खुळ्यासारखा दर महिन्याला लेखापालाच्या पाया पडतोय."

साहेब हसले. हसण्याआधीही त्यांनी "हंऽ" केलंच. मग म्हणाले, भाऊंचं जास्तीचं काढा, मुलीला कोऱ्या पाटीपासून नव्यानं द्या, आणि बसू दे तिला खिडकीवर. उद्याही आणि पुढेही.

काकूनं मुलीला फोन करून हे सांगितलं, "चूक माझी होती, बाळा," असंही सांगितलं. मग विचारलं, दिवसभर काय काय करतेस ते सांग, तेवढंच देते. मुलीला बहुतेक हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. ती सांगत गेली: फोन घेते, पत्ता लिहिते, दुरुस्तीवाले कधी येतील ते सांगते, शिव्या खाते.

"शिव्यांना परवानगी लागत नाही," काकू म्हणाली. "त्या सगळ्यांना खुल्या आहेत."

मुलगी हसली. तेवढ्यात तिच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजला आणि ती म्हणाली, "एक मिनिट हं, मॅडम." काकूनं फोन ठेवला नाही. पलीकडे मुलगी कुणालातरी विचारत होती, "पाणी कधीपासून नाही? बरं. घराचा नंबर सांगा." मी आणि काकू ऐकत बसलो.