आम्ही लातूरच्या रेल्वेडब्यात कोंडलो तेव्हा

भूकंपाला काही वर्षं झाली होती. दहावी झाली की नांदेडच्या आयाबाया लातूरकडे तोंड करून बसायच्या, तशी मीही बसले. मुक्ताची, माझ्या लेकीची, तिथल्या एका क्लासची प्रवेश परीक्षा रविवारी दहाला होती. क्लासच्या आवारात इंग्रजांच्या काळातला लाकडी रेल्वेडबा आहे हे कळताच माझे मामा, रेल्वेतले रिटायर सुतार, न बोलावता जेवणाचा डबा बांधून हजर!

पहाटे पाचची एसटी धरा, म्हणजे जागा मिळते. लोह्याला गरम भजी खा. पुढे अहमदपूरपर्यंत रस्ता असा, की खाल्लेलं आपोआप पचतं.

भूकंपानंतर आईबाप पोरांना स्लॅबखाली बसू देईनात, म्हणून क्लासच्या सरांनी पहिले वर्ग या भंगारातल्या डब्यात घेतले. आता ते त्यांचं ऑफिस. सर आत प्रश्नपत्रिका मोजत होते. आम्ही तिघं चढलो. दार उघडं राहावं म्हणून लावलेला दगड मामांनी पायानं सारला.

"अस्सल सागवान! कसं लागतंय बघा," म्हणत त्यांनी दार ओढलं. खट्ट!

आतून उघडायला कडीच नव्हती. बाकीची दारं खिळे ठोकून बंद. बाहेर पोरं मोठमोठ्यानं सूत्रं घोकत होती, आमचं ओरडणं कोण ऐकतो?

"काच खाली करायची, हात भाईर काढून दाराची भाईरची मूठ फिरवायची," मामा म्हणाले.

"मग करा की!"

"पर काच आधी वर उचलून मग खाली सोडायचा चामडी पट्टाच न्हाई. वस्तऱ्याला धार लावायला लई झ्याक असतो. सगळ्या डब्यांचे आम्हीच कापून नेलते."

माझी नजर प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे गेली. सरांनी तो उराशी धरला.

काचेच्या चौकटीला पट्ट्याचा बोटभर तुकडा उरला होता. मुक्तानं त्याच्या भोकात ओढणी ओवली, चौकट वर उचलली. काच धाडकन खाली गेली. तिनं हात बाहेर काढून दार उघडलं.

"हिला परीक्षा कशाला? प्रवेश पक्का!" सर म्हणाले. मी हात जोडले.

"नको सर, पेपर देते मी," मुक्ता म्हणाली.

डबा बघायला जाल तर जा, फक्त दगड हलवू नका.

आठवड्यानं यादी लागली. मुक्ताचं नाव नव्हतं. मी तडक सरांना फोन लावला, "सर, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात..."

मुक्तानं बटण दाबून फोन तोडला. "आई, दार मी उघडलं ते आपण आत अडकलो होतो म्हणून. त्याची फी नको लावूस."

मला लई राग आला. आणि लेकीचा इतका अभिमान वाटला, की रिसीव्हर ठेवायचंच सुचेना.