शनवाऱ्यात अडलेली वरात

जसोंडीच्या चुडामण पाटलांच्या लग्नाचा मुहूर्त तीस वर्षांपूर्वी टळला. शनवाऱ्याच्या चौकात समोरून दुसरी वरात आली, दोन्ही बँड इरेला पेटले आणि एकमेकांची चाल उचलून तासभर वाजवत राहिले. चुडामण अजून बँडवाल्यांनाच बोल लावत. फक्त आधी कोण थांबलं, ते आठवेना.

परवा मामेभावाकडे त्या जुगलबंदीची कॅसेट सापडली. नवराबायको कान देऊन बसले. एक बँड थांबला, आणि कोणता ते कळायच्या आत टेपमधला नवरदेव चुडामणच ओरडला, "अरे, थांबले काबरं? बजाओ ना और!"

ज्योत्स्नाबाईंनी टेप बंद केला. "मी तिकडे हार घेऊन ताटकळत होती!"

"ते राहू दे," चुडामण म्हणाले, "जरा मागे घे. आधी कोण थांबलं?"