घास मोजत नाहीत

परवाच बरा करून घरी पाठवलेला शेरू दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पुन्हा माझ्या टेबलावर होता, आणि या वेळी जास्त वाईट अवस्थेत. पुढचे पाय पसरलेले, मागची बाजू वर. कुत्रं असं उभं राहिलं की पोटात जबरदस्त दुखतंय असं समजायचं.

त्याला भांडगावहून दौंडला माझ्या दवाखान्यात घेऊन आले होते संतोष आणि त्याची आई, हौसामावशी. संतोष तीन भावांतला थोरला. तिघंही कुरकुंभला केमिकल कंपनीत, तिघांच्या शिफ्ट वेगळ्या. तिथले प्लांट दिवाळीतही चालूच असतात.

"संतोष, परवा मी काय सांगितलं होतं?"

"तेलातुपाचं काय द्यायचं न्हाई. न्हाईच दिलं, मॅडम. आईची शपथ."

आई शेजारीच उभी. त्यांनीही मान डोलावली.

माझं डोकं फिरलं. दिवाळीत येणारा प्रत्येक मालक हेच म्हणतो आणि त्याच्या कुत्र्याच्या तोंडाला तुपाचा वास येत असतो. पोटात स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, आम्ही पॅन्क्रियाज म्हणतो. अन्न पचवायचा रस ती तयार करते. एकदम तूपतेल पोटात गेलं की काही कुत्र्यांची ही ग्रंथी सुजते आणि तिचाच रस तिला जाळायला लागतो. यात धडधाकट कुत्रंही दगावतं. परवा हे सगळं मी संतोषला समजावून सांगितलं होतं.

तेवढ्यात शेरूनेच साक्ष दिली. टेबलावर उलटी केली. त्यात बेसन होतं आणि एक टम्म फुगलेला बेदाणा. बेदाण्याने तर कुत्र्याची किडनीही जाऊ शकते.

"आणि हे काय आभाळातून पडलं?" मी विचारलं.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्यो तर घास हाय."

"कसला घास?"

"आवो, सणाचं ताट वाढलं की पहिला घास शेरूचा. मग माणसानं तोंडात घालायचं. आमच्या मालकांनी घालून दिलेली रीत हाय. त्याला कुणी खायला दिलं म्हंत्यात व्हय?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं खोटं बोलत नव्हती. मी सांगितलेलं त्यांनी इमानेइतबारे पाळलं होतं. फक्त घास त्यात धरला नव्हता. मावशींचे यजमान होते तेव्हा सगळं घर एका पंगतीला बसायचं, शेरूला एकच घास मिळायचा. आता एक मुलगा सकाळी ड्यूटीवरून येतो, दुसरा दुपारी, तिसरा रात्री. मावशी प्रत्येकाला फराळाचं ताट वाढतात आणि जो तो आपापला पहिला घास टाकतो. धाकटा जरा मायाळू. त्याचा घास म्हणजे अख्खा लाडू.

सलाईन लावलं. उलटी आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. मावशी बाकावर बसल्या त्या उठेनात.

"वाचंल का वो? पोरं ड्यूटीला गेली की घरात मी आन् ह्यो. मालक गेल्यापासनं उंबऱ्यातच झोपतोय."

"आत्ता काही सांगता येत नाही, मावशी."

उगाच धीर द्यायची मला सवय नाही. त्या दिवशी मात्र तो द्यावासा वाटला.

संध्याकाळी संतोषने बाहेर बोलावलं. "मॅडम, तुम्हीच सांगा आईला. सकाळपासनं पाण्याशिवाय काय न्हाई तिच्या पोटात."

मी मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "सण हाय. त्याला घास दिल्याबिगर मला कसं गिळंल?"

आणि शेरूचं खाणं तर मीच बंद ठेवलं होतं. म्हणजे एका पेशंटला उपाशी ठेवून मी दोघांना उपाशी ठेवलं होतं. समजावलं, रागावले. शेवटी चहावर तडजोड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरूने मान वर केली. उलटी नव्हती. मी तेलमीठ न घालता मऊ शिजवलेला भात गार करून चिमूटभर मावशींच्या तळहातावर ठेवला.

"हा त्याचा घास."

"ह्यो? सणाचा?" त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या स्वयंपाकाबद्दलचं मत स्पष्ट दिसत होतं.

"रीत मोडू नका. पण घास भाताचा, आणि दिवसातून एकदाच. द्यायचा फक्त तुम्ही. पोरांनी हात जोडून गप जेवायचं."

शेरूने भात हुंगला, माझ्याकडे नाराजीने पाहिलं आणि चाटून खाल्ला. मावशी काही वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसले, पिशवीतली भाकरी काढली आणि तिथेच बाकावर बसून जेवल्या.

शेरू बरा झाला. यंदाच्या दिवाळीत मावशींनी माझ्यासाठी फराळाचा डबा पाठवला. शेरूसाठी आता वेगळा भात शिजतो आणि त्याची तक्रार असते, असं संतोष सांगत होता.

सणासुदीला कुत्रं आलं की मी आता "काय खायला घातलं?" असं विचारतच नाही. त्याचं उत्तर "काहीच नाही" हेच असतं. मी विचारते, "घरात जेवायला कोण कोण बसलं होतं?"